छोट्या शहराचा विमानतळ: चौथ्या वर्षाचा हिशेब

आपल्या शहरात विमान उतरावे, याला महापालिकेच्या सभागृहात सहसा कोणी विरोध करत नाही. सत्ताधारी आणि विरोधक, दोघांनाही पहिल्या विमानासोबत फोटो हवा असतो. त्यामुळे खरा प्रश्न ठरावाच्या दिवशी विचारलाच जात नाही. तो प्रश्न असा: चौथ्या वर्षी पैसे कोण देणार?

चौथेच वर्ष का, याचे उत्तर छोटी शहरे विमानाने जोडण्यासाठीच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेत आहे. जून २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणातून ती निघाली आणि पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्याहून दिल्लीला गेले. त्याच दिवशी नांदेड–हैदराबाद सेवाही सुरू झाली. योजनेत एका मार्गाला अनुदान मिळते ते तीन वर्षे. तेवढ्या काळात मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, असे गृहीत धरले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालाने हे गृहीतक तपासले. बोलीच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले होते, त्यांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत अनुदानानंतरही चालू राहिले ते ५४. म्हणजे दिलेल्या शंभर मार्गांत सात.

पैसा येतो कुठून

उडानमध्ये विमान कंपनी मार्गासाठी बोली लावते. ‘प्रत्येक उडान आसनामागे मला इतकी तूट भरून द्या’ असे ती सांगते आणि सर्वांत कमी तूट मागणाऱ्याला मार्ग मिळतो. याला सरकारी भाषेत ‘व्यवहार्यता तूट निधी’ म्हणतात. नेहमीच्या विमानात निम्मी आसने, पण कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त ४०, ठरलेल्या कमाल भाड्यात विकावी लागतात; हीच उडान आसने. योजना आली तेव्हा तासाभराच्या, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटरच्या प्रवासाला हे भाडे २,५०० रुपये होते. उरलेली आसने कंपनी बाजारभावाने विकते.

तुटीतला ८० टक्के वाटा केंद्राच्या निधीतून येतो. हा निधी मोठ्या शहरांदरम्यानच्या विमानांवर लावलेल्या आकारातून जमतो. म्हणजे मुंबई–दिल्ली करणाऱ्या प्रवाशाच्या तिकिटातला थोडा पैसा नांदेड-जळगावच्या प्रवाशाकडे वळतो. उरलेले २० टक्के राज्य देते. शिवाय राज्याने जमीन मोफत द्यायची, पोलीस आणि अग्निशमन मोफत पुरवायचे, वीज-पाणी सवलतीत द्यायचे आणि उडान विमानतळावर भरलेल्या विमान इंधनावर मूल्यवर्धित कर एक टक्का किंवा त्याहून कमी ठेवायचा. विमानतळाने उतरण्याचे आणि विमान उभे करण्याचे शुल्क घ्यायचे नाही.

आता एका फेरीचा हिशेब मांडू. पुढचे आकडे कोणत्याही कंपनीचे नाहीत, पद्धत कळावी म्हणून घेतले आहेत. आपल्या शहराचा हिशेब करताना त्या जागी खरे आकडे घाला.

समजा, ७२ आसनांचे एटीआर विमान मुंबईहून तासाभरात येते आणि इंधन, वैमानिक, भाडेपट्टा, देखभाल, विमा धरून एका फेरीचा खर्च ३ लाख रुपये आहे. ३६ उडान आसने २,५०० रुपयांना सगळी विकली गेली: ९० हजार. उरलेल्या ३६ पैकी ११ आसने ४,५०० रुपयांना गेली: ४९,५००. एकूण ४७ प्रवासी आणि उत्पन्न १,३९,५००. तूट १,६०,५०० रुपये. रोज एक जाणे, एक येणे धरले तर वर्षाची तूट ११ कोटी ७१ लाखांच्या आसपास जाते. राज्याचा २० टक्के वाटा २ कोटी ३४ लाख. पहिली तीन वर्षे राज्याला एवढाच आकडा दिसतो आणि तो सोसण्यासारखा वाटतो.

चौथ्या वर्षी केंद्राचा वाटा थांबतो. त्याच ४७ प्रवाशांकडून ३ लाख काढायचे, तर प्रत्येकी ६,३८३ रुपये पडतात. २,५०० रुपयांची सवय झालेला प्रवासी तेवढे देत नाही. तो रेल्वेकडे वळतो, प्रवासी ४७ चे ३५ होतात, माणशी खर्च साडेआठ हजारांवर जातो आणि कंपनी वेळापत्रकातून मार्ग काढून टाकते. यात कोणाची लबाडी नसते.

सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाने हे अनुभवले आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तिथे उडान योजनेतून मुंबईची सेवा सुरू झाली आणि तीन वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ती थांबली. अडीच हजार मीटरची धावपट्टी होती, नवी इमारत होती. पण मधल्या काळात, जानेवारी २०२३ मध्ये, गोव्यातला मोपा विमानतळ सुरू झाला. सावंतवाडीच्या माणसाला तिथून जास्त शहरांची आणि दिवसभराची विमाने मिळू लागली. त्यात कोकणातल्या पावसाळ्यात ढग खाली आले की चिपीची फेरी रद्द होण्याची टांगती तलवार. ज्या चाकरमान्याला रजेचे चारच दिवस मिळतात, तो रद्द होऊ शकणाऱ्या विमानावर विसंबत नाही.

इंधनावरची सवलत कागदावर का राहते

महाराष्ट्राने २०२३ मध्ये मुंबई, पुणे आणि रायगड भागातला विमान इंधनावरचा कर २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. उडान विमानतळावर तो नाममात्र असतो. एटीआरला तासाभराला ढोबळमानाने ८०० लिटर इंधन लागते. कर वगळून दर हजार लिटरला ७५ हजार रुपये धरला, तर ६० हजारांच्या इंधनावर १८ टक्क्यांनी १०,८०० रुपये कर बसतो, एक टक्क्याने ६००. फेरीमागे दहा हजारांची बचत म्हणजे ४७ प्रवाशांत माणशी २१७ रुपये. फार मोठी नाही, पण चौथ्या वर्षी उपयोगी पडणारी.

मात्र ही सवलत त्या विमानतळावर भरलेल्या इंधनालाच मिळते. तिथे इंधन भरण्याची सोयच नसेल, तर विमान परतीचे इंधनही मुंबईतूनच भरून आणते. तिथे कर १८ टक्के. वर त्या जादा वजनापायी उन्हाळ्यात सामान किंवा प्रवासी कमी घ्यावे लागू शकतात. म्हणून प्रस्तावात ‘इंधन सवलत’ असा शब्द दिसला की पहिला प्रश्न विचारावा: इंधन कंपनीची टाकी आणि बाऊझर (विमानात इंधन भरणारी टँकर गाडी) विमानतळावर कधी येणार?

एक विमान आले काय, चार आले काय

विमान कंपनीची तूट हा खर्चाचा एक भाग झाला. दुसरा भाग खुद्द विमानतळाचा, आणि तो विमानांच्या संख्येवर फारसा अवलंबून नसतो. हवाई वाहतूक नियंत्रक, हवामान निरीक्षक, सुरक्षा तपासणीचे पथक, अग्निशमन जवान, धावपट्टीचे दिवे, जनरेटर, कुंपण, गवत कापणी, धावपट्टीची घर्षण चाचणी हे सारे एका विमानासाठीही लागते.

अग्निशमनाचे उदाहरण घ्या. आंतरराष्ट्रीय निकषांत विमानाच्या लांबीवरून विमानतळाची अग्निशमन श्रेणी ठरते. २७ मीटर लांबीचे एटीआर ७२ पाचव्या श्रेणीत बसते: कमीत कमी एक क्रॅश टेंडर (विमानतळाचा खास बंब) आणि नेहमी वापरल्या जाणाऱ्या ‘ब’ दर्जाच्या फोमसाठी ५,४०० लिटर पाणी. पावणेबत्तीस मीटरचे एम्ब्रेअर १७५ आणायचे म्हटले की सहावी श्रेणी लागते: दोन गाड्या आणि ७,९०० लिटर. गाडीने तीन मिनिटांच्या आत धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला पोहोचायला हवे, म्हणजे शहराच्या अग्निशमन केंद्रातून बंब बोलावून भागत नाही. आसने चार-पाचच वाढतात, पण एक गाडी आणि तिच्यावरचे पाळीनिहाय जवान वाढतात. ‘मोठे विमान आणा’ ही मागणी करण्याआधी हा खर्च मांडलेला असावा.

पुन्हा उदाहरणादाखल, विमानतळाचा वार्षिक खर्च १२ कोटी धरा. रोज एक जोडफेरी आणि फेरीला ४७ प्रवासी म्हणजे वर्षाला ३४,३१० प्रवासी. माणशी खर्च सुमारे ३,५०० रुपये, तिकिटाबाहेरचा. चार जोडफेऱ्या झाल्या आणि खर्च वाढून १५ कोटी झाला, तरी माणशी तो अकराशेच्या खाली येतो. एकच विमान असलेला विमानतळ हा सर्वांत महाग विमानतळ असतो. म्हणूनच टर्मिनलच्या चौरस फुटांवर वाद घालण्यापेक्षा दुसरी आणि तिसरी फेरी कशी आणता येईल, यावर सभागृहाचा वेळ जास्त चांगला खर्च होईल.

मे महिना आणि सूर्यास्त

अमरावतीची धावपट्टी १,८५० मीटर, जळगावची १,७५०. एटीआरला समुद्रसपाटीवर, सौम्य हवेत, पूर्ण वजनासह उड्डाणाला साधारण १,३०० मीटर लागतात. वरकरणी भरपूर जागा आहे. पण ४४ अंशांत हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही घटते आणि तेच विमान जास्त धावून उडते. एटीआर यातून सहसा निभावून नेते. एअरबस ३२० सारख्या मोठ्या विमानासाठी मात्र ही लांबी तोकडी पडते, म्हणून अशा विमानतळांवर कंपन्यांची निवड आपोआप दोन-तीनवर येते. धावपट्टी वाढवायची, तर नुसते डांबर वाढवून चालत नाही. दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी, टोकांना सुरक्षा क्षेत्र आणि त्यापलीकडे विमान चढण्या-उतरण्याची मोकळी वाट लागते. भूसंपादनाचा आकडा यामुळेच फुगतो.

रात्री उतरण्याची सोय नसलेल्या ठिकाणी दुसरे दुखणे असते. मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि वेळ मिळवण्यासाठी कंपन्यांची रांग असते. छोट्या शहराच्या विमानाला तिथे दुपारची आडवेळ मिळते. मुंबईत दोन तास उशीर झाला, की इकडे सूर्य मावळतो आणि फेरी रद्द. नियंत्रण कक्षाची पाळी ठरावीक वेळेची असेल तरी हेच होते. आठवड्यात दोनदा असे घडले की व्यापारी पुन्हा गाडी काढतो. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाल्याने वेळा मिळणे सोपे होऊ शकते. पण ज्याला मंत्रालयात किंवा उच्च न्यायालयात सकाळी हजर व्हायचे आहे, त्याने उलव्याच्या या विमानतळावरून पुढच्या प्रवासाचा वेळही धरायला हवा.

महापालिकेच्या हातात खरोखर काय आहे

विमान वाहतूक हा केंद्राचा विषय. भाडे, मार्ग, परवाना यांत महापालिकेला अधिकार नाही. तरीही विमानतळ चालू राहतो की अडतो, हे ठरवणारे दोन विभाग महापालिकेतच बसतात: बांधकाम परवाना आणि घनकचरा.

सोलापूरचे उदाहरण राज्याला माहीत आहे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाशेजारी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची सुमारे ९० मीटर उंच चिमणी उभी होती. नोटिसा, न्यायालये, शेतकरी सभासदांचा विरोध अशी वर्षे गेली. १५ जून २०२३ रोजी महापालिकेने ती पाडली. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले, ९ जून २०२५ रोजी गोव्याची सेवा सुरू झाली आणि ऑक्टोबरात मुंबईची. बाजू कोणाचीही घ्या, पण चिमणी उभी राहण्याआधी नकाशावर रोखणे आणि उभी राहिल्यावर पाडणे यांतल्या किमतीचा फरक शहराने आणि कारखान्याने, दोघांनीही मोजला.

नियम तसा सोपा आहे. मोठ्या धावपट्टीभोवती साधारण चार किलोमीटरपर्यंत, विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरवर एक अदृश्य छत असते. उतरण्याच्या रेषेत ते याहून खाली येते, बाहेरच्या अंगाला चढत जाते. विमानतळ प्राधिकरण यावरून रंगीत नकाशा बनवून पालिकेला देते. प्रत्येक रंगाच्या चौकोनात कमाल उंची लिहिलेली असते. लाल चौकोन सोडले, तर त्या मर्यादेत पालिका स्वतः परवानगी देऊ शकते. लाल चौकोनात किंवा मर्यादेपेक्षा उंच बांधायचे असेल, तर प्राधिकरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर ना-हरकत मागावी लागते.

चूक नेमकी कुठे होते? नकाशातली उंची समुद्रसपाटीपासूनची असते. चौकोनात ५२० मीटर लिहिले आहे आणि भूखंड ४७५ मीटरवर आहे, तर इमारत ४५ मीटरच उभारता येते. त्या ४५ मीटरांत गच्चीवरचा जिना, लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, वीजरोधक, अँटेना सगळे आले. अर्ज ४३ मीटरच्या इमारतीचा असतो, वर पाच मीटरची टाकी चढते आणि वर्षभराने मोबाइल टॉवर. भूखंडाची पातळीही अधिकृत सर्वेक्षकाकडून मोजलेली हवी, मोबाइलच्या ॲपवरून नाही. भोगवटा प्रमाणपत्र देताना माथ्याची पातळी पुन्हा मोजण्याची अट घातली, तर पुढचे अर्धे खटले टळतील. साखर कारखान्यांची धुराडी, मोबाइल टॉवर, उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे आणि वाढलेली निलगिरीही याच हिशेबात धरायची.

दुसरा विभाग कचऱ्याचा. १९३७ च्या विमान नियमांतला नियम ९१ विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत घारी-गिधाडे जमतील असा कचरा टाकायला आणि जनावरे कापायला मनाई करतो. घार इंजिनात गेली की लाखोंचे नुकसान होते आणि विमान दिवसभर जमिनीवर राहते. कंपनी एकदा सोसते, दुसऱ्यांदा वेळापत्रक बदलते. महापालिकेचा कचरा डेपो विमानतळापासून आठ किलोमीटरवर असेल, तर विमानसेवेच्या ठरावासोबत डेपोचा ठरावही यायला हवा. चिकन-मटणाच्या दुकानांमागची उघडी कुंडी आणि विमानतळाच्या भिंतीलगत साचणारे सांडपाणी, यांना दरमहा तपासणी लागते. टर्मिनलच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, पण यात फोटो काढण्याजोगे काही नसल्याने तो मागे पडतो.

प्रवासी कोण, हे आधी ठरवा

टिकलेल्या सेवांमागे ठरावीक प्रवासी दिसतो. शिर्डीला साईभक्त येतात. कोल्हापूरला उद्योजक आहेत आणि तिरुपती–महालक्ष्मी अशी दोन्हीकडची भाविकांची ये-जा आहे. याउलट ‘मुंबईला जायला लोक उत्सुक आहेत’ एवढ्यावर मार्ग मागितला, तर तो रेल्वेशी झगडतो. सोलापूर–मुंबई वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून साडेसहा तासांत नेते. विमानाचा तास, त्यापूर्वीचा दीड तास, मुंबईत बाहेर पडून दादर-फोर्ट गाठण्याचे दीड-दोन तास धरले, तर बचत दोन-अडीच तासांची उरते. त्यासाठी किती जण किती रुपये जास्त देतील, हे विचारूनच कळते. हैदराबाद, बेंगळुरू, दिल्लीसारख्या जिथे रेल्वेला रात्र किंवा दीड दिवस लागतो, त्या दिशांना विमानाची किंमत प्रवाशाला लवकर पटते.

मागणी मोजायला सर्वेक्षण संस्था लागतेच असे नाही. औद्योगिक वसाहतीतल्या पन्नास कंपन्यांकडून गेल्या वर्षीचे प्रवासाचे तपशील मागवा: कोणते शहर, कोणता वार, किती माणसे, किती खर्च. ‘विमान आले तर जाल का?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, म्हणून तो विचारू नये.

अमेरिकेत बहुतेक छोटे विमानतळ शहराच्या किंवा परगण्याच्या मालकीचे असतात, त्यामुळे तिथल्या नगर परिषदांना हा वाद दरवर्षी घालावा लागतो. तिथे विमानतळाचे उत्पन्न विमान कंपनीला थेट अनुदान म्हणून देता येत नाही. मग शहर किंवा व्यापारी मंडळ उत्पन्नाची हमी देते: ठरलेल्या रकमेपेक्षा कमी कमाई झाली तरच फरक भरायचा. काही ठिकाणी कंपन्या वर्षाच्या तिकिटांचे पैसे आधीच जमा करून ठेवतात. दुसरा मार्ग आपल्याकडच्या उद्योजक संघटनांनीही पाहण्यासारखा आहे. त्यात महापालिकेचा पैसा गुंतत नाही आणि मागणी खरी आहे की भाषणातली, तेही कळते.

आपल्याकडे चौथ्या वर्षी उरते ते राज्याचे दार. सोलापूरच्या मुंबई सेवेसाठी महाराष्ट्राने उडानच्या धर्तीवर स्वतःच्या तिजोरीतून तूट भरण्याचा निर्णय २०२५ मध्ये घेतला. वाट आहे, पण ती मंत्रिमंडळातून जाते आणि त्याला महिने लागतात. कंपनीच आजारी पडली, तर तेवढाही अवधी मिळत नाही. नांदेडला उडानचे पहिले विमान आणणारी ट्रूजेट फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडली. म्हणून एकाच कंपनीवर सगळे मार्ग टांगणे टाळावे.

विमानतळ प्राधिकरण दर महिन्याला प्रत्येक विमानतळाची विमाने आणि प्रवासी यांचे आकडे प्रसिद्ध करते. प्रवाशांना विमानांच्या संख्येने भागले की फेरीमागचे सरासरी प्रवासी मिळतात. आयुक्तांनी हा एक आकडा, रद्द फेऱ्यांच्या संख्येसह, दर तिमाहीला सभागृहापुढे ठेवावा. चोविसाव्या महिन्यापर्यंत ७२ आसनांच्या विमानात सरासरी ५० च्या वर गेली नसेल, तर राज्याकडचा प्रस्ताव, वेळ बदलण्याची मागणी आणि दुसऱ्या कंपनीशी बोलणी त्याच महिन्यात सुरू करावी लागतात. छत्तिसाव्या महिन्यात केलेला ठराव मुंबईत पोहोचेपर्यंत विमान दुसऱ्या शहरात उडत असते.